शॉकअपची शेवटची खाच

माघ निम्मा सरला की आमच्या सोलापुरात रस्ते अरुंद होतात. रस्ता तेवढाच असतो, पण पुढे कडब्याचा ट्रॅक्टर असतो. दोन्ही बाजूंनी हात-हातभर बाहेर आलेल्या पेंढ्या, वर घराएवढा ढीग, त्या ढिगावर कुणीतरी खुशाल उताणा पडलेला, आणि मागे आम्ही दुचाकीवाले, हॉर्न वाजवून दमलेले. वाळक्या पात्यांचा भुसा उडत येतो, डोळ्यांत जातो, ओढणीत शिरून मानेला चावत बसतो. मी तापट बाई आहे. अशा वेळी माझ्या तोंडून जे निघतं ते माझ्या अकरावीच्या मुलांनी ऐकलं तर ती माझा सत्कार करतील. पण काल वैराग रस्त्याला असाच एक ट्रॅक्टर पुढे आला आणि मी पुढे जायची घाई न करता त्याच्या मागे मागे शहरापर्यंत आले. कडब्याला अजून ओल होती. ताज्या उपटलेल्या मालदांडी ज्वारीला एक वास असतो, थोडा गोडसर, थोडा मुळांच्या मातीचा. तो वास आला की मला एकच माघ आठवतो. त्या माघात मी अण्णांना मोटारसायकलवर मागे बसवून रानाकडे नेत होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. आमचं गाव वैराग रस्त्याला, फाट्यावरून आत. अण्णांनी जन्मभर त्या गावातून सोलापुरात दूध घातलं. मोटारसायकलला दोन्ही बाजूंना कॅन, मागच्या सीटवर आणखी एक, आणि टाकीला पोट लावून पुढे सरकून बसलेले अण्णा. मी बारावीत असताना त्यांचा हात मोडला. म्हशींना काही प्लास्टर कळत नाही, त्या दूध देतच होत्या. मग काही आठवडे रतीब मी घातला. मोटारसायकल मी अशी शिकले, हौसेने नव्हे. पोरगी कॅन लावून शहरात जाते म्हणून गावात चर्चा झाली. अण्णा पारावर जाऊन एवढंच म्हणाले, “ज्याला बघवत न्हाई त्यानं उद्या दूध घालून यावं.” चर्चा बंद झाली.

पुढे मी शिकले, सोलापुरातच कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवायला लागले. नवऱ्याची नोकरी पुण्याला, तो महिन्यातून एकदा येतो. आई आधीच गेली होती आणि मी एकुलती एक. त्या वर्षी ज्वारीची पेरणी झाली आणि दिवाळीच्या तोंडावर अण्णा गोठ्यात घसरून पाठीवर आपटले. मणका दबला. मी त्यांना माझ्याकडे घेऊन आले. लेकीच्या घरी राहायचं म्हणून चार दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. म्हशी विकल्या, रान दत्तू नावाच्या वाटेकऱ्याला दिलं. मोटारसायकल मात्र विकू दिली नाही. ती आली आणि माझ्या दारात उभी राहिली.

ती ज्वारी अण्णांनी स्वतःच्या हाताने पेरली होती. सगळा गाव ट्रॅक्टरने पेरत असताना हा माणूस हट्टाने बैल मागून आणून पाभरीमागे चालला होता. त्यामुळे आमच्याकडे राहायला आल्यावर त्यांनी एकच मागणं धरलं. “काढणीला मी रानात पायजे. मग तू म्हनशील तितं ऱ्हातो.” डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पट्टा बांधून जाऊ द्या, पण धक्के सोसेनात तर प्रवास बंद म्हणजे बंद. मी हौसेने एकदा मोटार भाड्याने केली. फाट्यापर्यंत जाईतो अण्णांना दोनदा उलटी झाली. गाडीतून उतरून तोंड धुताना म्हणाले, “डबड्यात बसून कुनी रानात जातं व्हय? हात बाहिर न्हाई, वारं न्हाई.” मग उरली ती मोटारसायकलच.

म्हणून त्या वर्षी पौषापासून दर रविवारी आम्ही निघायचो. सकाळचं गार वारं, माझ्या अंगात नवऱ्याचा जुना स्वेटर, मागे अण्णा मफलर गुंडाळून. रस्त्याच्या कडेला हुरड्याच्या शेकोट्या. फाट्यावर हरभऱ्याचे डहाळे घेऊन बसलेली एक म्हातारी, जी अण्णांना बघून दर वेळी विचारायची, “दूधवाले, कॅन कुटं ठिवले?” रानात गेलं की अण्णा बांधावर उभे राहून नुसते बघायचे. पोटऱ्यातलं कणीस बाहेर आलं, मग त्यात दाणा भरला, मग पाखरं आली. अण्णा तिथून मला काही सांगायचे नाहीत. घरी आल्यावर चहा पिताना मात्र एकदम बोलायला लागायचे, पेरणीच्या कुठल्या तासात, म्हणजे ओळीत, बी पातळ पडलं आणि कुठल्या कोपऱ्यात ओल कमी. त्या एका चहावर त्यांचा पुढचा आठवडा जायचा.

गाडीची अवस्था मात्र बघवत नव्हती. पुढच्या शॉकअपमधून तेल यायला लागलं होतं. चकचकीत पाईपांवर तेल, तेलावर रानातली काळी माती, असा लेपच बसला होता. ब्रेक दाबला की गाडी पुढून खाली मुंडी घालायची. मागचे शॉकअप तर कधीचेच गेलेले. खड्डा संपून आपण पुढे आलो तरी गाडी मागे डुलतच असायची. एका रविवारी परत येताना मी सरळ याकूबभाईंच्या गॅरेजवर गाडी नेली.

याकूबभाई म्हणजे आमच्या घरचेच. अण्णांचा रतीब त्यांच्या घरी त्यांच्या आईच्या वेळेपासून. स्वतःच्या हाताविषयी या माणसाला इतका अभिमान की बोल्ट खोलतानासुद्धा शेजारच्या पंक्चरवाल्याने बघावं अशी अपेक्षा. अण्णांना बघून त्यांनी आतली खुर्ची आणली, फडक्याने पुसली.

“बैठो अण्णा. चाय बोलू? बिनसाखर?”

“साखर घालाय सांग. मनका दबलाय, साखर न्हाई झाली.”

पुढचं चाक निघालं, मडगार्ड निघालं, मग दोन्ही शॉकअप एकेक करून खाली आले. याकूबभाईंनी ते कापलेल्या प्लास्टिकच्या डब्यात पालथे केले आणि दाबले. काळं-करडं तेल गचके देत बाहेर आलं, त्याला जळकट, आंबूस घाण. अण्णा खुर्चीतून पुढे झुकले आणि त्यांनी त्या तेलात बोट बुडवलं. अंगठा आणि बोटामध्ये ते चोळलं, उजेडाकडे धरलं. गावातल्या इतरांचं दूध विकत घेताना जन्मभर त्यांनी हेच केलं होतं.

“पानी हाय ह्यात,” अण्णा म्हणाले.

याकूबभाई इतके हसले की त्यांना पाना खाली ठेवावा लागला. “तेल में भी पानी पकड्या! ओ अण्णा, पावसाचं गेलंय ते. सील फाटलंय ना.” आणि खरंच, फाटलेल्या सीलमधून तेल बाहेर येत होतं तसं पाणी आत जात होतं. तेल पाणचट झालं होतं. अण्णा खूश झाले. पडल्यानंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या पारखीला दाद दिली होती. मीही खूश झाले आणि दुसरा चहा सांगितला.

ऑइल सील म्हणजे बांगडीएवढं रबर. त्याच्या आतल्या पातळ ओठाने पाईपाला धरून राहायचं, तेल आत ठेवायचं आणि धूळ बाहेर. याकूबभाईंनी पाईप बारीक पॉलिश पेपरने पुसला, त्यावर कुठे ओरखडा आहे का ते नखाने चाचपलं. मग पाईपाच्या टोकाला दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळला आणि त्यावरून नवं सील हलक्या हाताने खाली सरकवलं. “तिथली धार लई बुरी असते ताई. सील बसवतानाच फाटलं की मग माणूस म्हणतो याकूबनं फसवलं,” ते मला म्हणाले. दुधाची पिशवी बघून अण्णांनी तोंड वाकडं केलं. पिशवीच्या दुधाचं आणि त्यांचं जन्माचं वैर. “तेवड्याच कामाची हाय ती,” म्हणाले.

मग मागचे शॉकअप आले. जोडी नवी, लाल स्प्रिंगची. याकूबभाईंनी ती लावली. स्प्रिंगच्या खाली एक फिरती चकती असते, तिला पायऱ्यांसारख्या खाचा. वाकड्या तोंडाच्या पान्याने ती फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते. पहिली खाच सगळ्यात मऊ, शेवटची सगळ्यात कडक.

“शेवटच्या खाचंला ठिव,” अण्णा म्हणाले.

“हौ. दूधवाल्याची गाडी, मालूम नाही काय मला?” याकूबभाईंनी पाना लावला आणि टक टक करत चकती शेवटच्या खाचेला नेली. मी शेजारी उभी होते. दर वर्षी अकरावीला स्प्रिंगला वजनं टांगून ताण मोजायला लावणारी मी, मलाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. आमच्या गाडीचे शॉकअप शेवटच्या खाचेवरच असतात, हे मला माझ्या नावाइतकं पाठ होतं. कॅन भरलेले असताना गाडी मागून बसली तर कॅनचा तळ रस्त्याला घासतो. डुलली तर दूध हिंदकळतं आणि गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंत वर लोण्याचे कण येतात. दुधाच्या गावांमध्ये बसकी गाडी म्हणजे ढिला माणूस. कुणाची गाडी मागून बसलेली दिसली की अण्णा मान फिरवायचे.

त्यानंतरचा पहिला रविवार मी मोठ्या ऐटीत निघाले. गाडी ताठ उभी, पुढून तेलाचा थेंब नाही, ब्रेक दाबला तरी मान खाली नाही. मला वाटलं, आता काढणीपर्यंत काळजी मिटली. फाट्यावरच्या म्हातारीपाशी थांबले तर अण्णांनी तिच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. रानात पोचल्यावर ते बांधापर्यंत गेले नाहीत, बाभळीखाली बसून राहिले. घरी आल्यावर चहाही नको म्हणाले. संध्याकाळी मी पट्टा सैल करायला गेले तर म्हणाले, “ऱ्हाऊ दे.”

पुढच्या रविवारी स्पीडब्रेकर आला की मागून आवाज यायला लागला. शब्द नव्हता, नाकातून निघणारा नुसता ‘हं’. प्रत्येक धक्क्याला एक. मी गाडी हळू केली, आणखी हळू केली. तरी तो आवाज येतच राहिला. मी विचारलं, “अण्णा, दुखतंय का?”

“तू म्होरं बघून चालव.”

आणि मग एका शनिवारी रात्रीचं जेवण करताना, भाकरी कुस्करता कुस्करता ते म्हणाले, “सवे, उद्या नगं जाया.”

“का?”

“काय बघायचंय? दत्तू हाय की. ज्वारी काय पळून जात न्हाई.”

“आणि काढणीला?”

त्यांनी भाकरीवर आमटी ओतली. “काढनीलाबी त्योच हाय की.”

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली. मला राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटली होती. या माणसाने दिवाळीपासून एकच गोष्ट धरून ठेवली होती आणि ती तो हातातून सोडत होता. डॉक्टरांचं वाक्य आठवत होतं, धक्के सोसेनात तर प्रवास बंद. मणका आणखी दबला असणार, आजार वाढला असणार, आणि आता हे अंथरूण धरणार, असं सगळं त्या भांड्यांच्या आवाजात माझं मलाच ऐकू येत होतं. काढणी आठवड्यावर आली होती.

अण्णांची झोप तर आधीच गेली होती. जन्मभर धारा काढायला पहाटेआधी उठलेला माणूस. म्हशी गेल्या तरी डोळे त्याच वेळेला उघडायचे. मग अंधारात पलंगावर पाय खाली सोडून बसून राहायचे, हात मांडीवर. मी एकदा म्हटलं, पडून राहा की. म्हणाले, पडून काय करू. आता ते आठवलं की मला त्यांची फार दया येते. ओझं उतरलं होतं, पण अंग अजून त्याच ओझ्यासाठी आवळून धरलेलं होतं. आपल्या सगळ्यांचंच थोडं तसं होतं. आई गेल्यावर कित्येक महिने मी गावी गेले की तिच्यासाठी अंबाड्याची भाजी घेऊन जायची, आणि मग अण्णा ती निमूट खायचे, त्यांना अंबाडा मुळीच आवडत नसताना.

त्यानंतरच्या सोमवारी शिंदे मॅडमची स्कूटर बंद पडली. शिंदे मॅडम आमच्याकडे बायोलॉजी शिकवतात. देवाने त्यांना सढळ हाताने घडवलंय, आणि हे त्या स्वतःच सांगतात. मी म्हटलं, चला, सोडते. त्या बसल्या तशी गाडीने मागून एक मोठा सुस्कारा टाकला. मला वाटलं, गेले माझे नवे शॉकअप. कॉलेजच्या गेटबाहेरच तो उंच स्पीडब्रेकर आहे. मी सवयीने दात आवळले. आणि गाडी त्याच्यावरून अशी गेली की मला कळलंसुद्धा नाही.

“किती मस्त गाडी आहे गं तुझी!” मागून शिंदे मॅडम म्हणाल्या. “माझ्या स्कूटरवर तर दाढा हलतात.”

पुढच्या स्पीडब्रेकरलाही तेच. त्याच्या पुढच्या खड्ड्यालाही तेच. मी मॅडमना त्यांच्या दारात उतरवलं, त्या चहाला या म्हणत होत्या, आणि मी गाडीवर बसूनच त्या लाल स्प्रिंगांकडे वळून बघत होते. स्प्रिंग शेवटच्या खाचेला आवळून ठेवली की ठरावीक वजन पडेपर्यंत ती जागची हलतच नाही. ती कॅनची वाट बघत होती. शिंदे मॅडम बसल्या तेव्हा तिला हवं तेवढं वजन मिळालं. अण्णा बसायचे तेव्हा तिच्या लेखी मागे कुणीच बसलेलं नसायचं. रस्त्याचा धक्का जसाच्या तसा वर यायचा, थेट त्या दबलेल्या मणक्यात.

घरी जाऊन मी अण्णांना म्हटलं, चला, याकूबभाईंकडे जायचंय. त्यांनी कटकट केली, पण आले. त्यांना रिक्षात बसवून दिलं. मी गाडी घेऊन पुढे गेले आणि याकूबभाईंना हळूच सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि गाडीकडे बघत राहिले. मग स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं. “अपने को आदत हो गयी ना ताई. गाडी बघितली, माणूस बघितलाच नाही.”

अण्णा आले. याकूबभाईंनी गाडी स्टँडवरून उतरवली, हँडल घट्ट धरलं. “अण्णा, जरा बैठो मागं. चेक करायचं हाय.”

अण्णा पट्टा सावरत मागच्या सीटवर बसले. मी खाली वाकून स्प्रिंगकडे बघत होते. ती हलली नाही. याकूबभाई म्हणाले, “सगळं वजन टाका अण्णा, पाय उचला.” अण्णांनी पाय फूटरेस्टवर घेतले. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमधली फट होती तेवढीच राहिली. माझे वडील मागे बसले होते आणि गाडीला त्याचा पत्ता नव्हता. दिवाळीपासून त्यांचं अंग उतरलंय हे मला दिसत होतं. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल झाली होती, मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरायचं. पण किती, हे मला त्या क्षणी कळलं.

याकूबभाईंनाही कळलं. ते घाईघाईने म्हणाले, “ये आजकल के शॉकअप ना अण्णा, लई कडक बनवतेत. माल खराब. बदलून आणतो मी.”

अण्णांनी मागे वळून त्या स्प्रिंगकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“याकूब, त्येला कशाला बोल लावतूस? त्यो बरा हाय.” मग थोडं थांबून म्हणाले, “मीच हलका झालोय.”

पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तेवढा चालू होता.

“कॅन हायत व्हय आता?” अण्णा जरा चढ्या आवाजात म्हणाले, जणू आम्हीच इतके दिवस कॅन आहेत असं धरून चाललो होतो. “घे की खाली. पयल्या खाचंला आन.”

याकूबभाई पाना घेऊन बसले. दोन्ही बाजूंच्या चकत्या टक टक करत मागे आल्या. अण्णा उतरून खुर्चीत बसले होते, प्रत्येक ‘टक’ला त्यांच्या पापण्या हलत होत्या. ज्या माणसाने बसक्या गाडीकडे आयुष्यभर मान फिरवली, तो आपली गाडी मऊ होताना समोर बसून बघत होता. मला रडायला येत होतं म्हणून मी उगीचच पुढच्या सीलला तेल आलंय का ते बघत बसले.

“या अण्णा, बैठो.”

अण्णा पुन्हा बसले. पाय उचलले. आणि गाडी मागून हळूच खाली आली, दोन बोटं असेल नसेल. अण्णांनी सीटवर जरा वर-खाली होऊन बघितलं. पुन्हा बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी दिवाळीपासून बघितलं नव्हतं.

“बसली की गं!” ते म्हणाले. “सवे, बघ, बसली की गाडी!”

त्यांचं वजन अजून कुणालातरी जाणवत होतं. याकूबभाई जोरात म्हणाले, “बसणारच! अण्णा बैठे तो क्या गाडी नहीं बैठेगी?” आणि तिघांसाठी चहा सांगितला, साखर घालून.

त्या रविवारी आम्ही काढणीला गेलो. अण्णा पुढच्या पेरणीच्या आत गेले, म्हणजे ती त्यांची शेवटची ज्वारी. पण तेव्हा ते माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी दिवस काही वेगळा गेला नसता. उन्हाला नुकता ताव आला होता. बायका ओळीने वाकून ज्वारी मुळासकट उपटत होत्या, धांडा गुडघ्यावर आपटून माती झाडत होत्या, त्या मातीचा ढग सगळ्या रानावर उभा होता. अण्णा बांधावर बसले ते थोडाच वेळ. मग उठले, काठी टेकत तासात शिरले. दत्तू धावत आला, “अण्णा, तुमी कशाला, तुमी बसा की,” म्हणून. अण्णांनी त्याला पेंढ्या कशा ढिल्या बांधल्यात यावरून असा झाडला की बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. वाकता येत नव्हतं, म्हणून ते दुसऱ्यांनी उपटून ठेवलेली ताटं उचलून नुसती हातात घेत होते, कणीस तळहातावर घासून दाणे तोंडात टाकत होते. एकदा मला हाक मारली आणि माझ्या हातावर चार दाणे ठेवले. मी ते खाल्ले. गोड होते, अजून थोडे ओले.

दुपारी बाभळीखाली भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. अण्णा सगळ्यांशी बोलत होते, पावसाविषयी, भावाविषयी, मेलेल्या बैलांविषयीसुद्धा. ऊन उतरल्यावर आम्ही परत निघालो.

मागे बसले की अण्णा दोन्ही हातांनी पाठीमागचा कॅरियर धरायचे. त्यांच्या आणि माझ्या मध्ये वीतभर जागा असायची. मी मोठी झाले तेव्हापासून त्यांनी माझ्या खांद्याला कधी हात लावला नव्हता. आमच्याकडे बाप लेकीला धरत नाही, लेकही बापाला नाही. आई गेली त्या दिवशीसुद्धा आम्ही दोघं भिंतीला टेकून शेजारी शेजारी बसलो होतो, एवढंच. फाटा ओलांडून डांबरी रस्त्याला लागलो, आणि माझ्या पाठीला काहीतरी टेकलं. मला वाटलं, त्यांना काही सांगायचंय.

“काय अण्णा?”

उत्तर आलं नाही. दोन्ही खांद्यांच्या मध्ये त्यांचं कपाळ होतं. मग हळूहळू छाती टेकली, आणि सगळं अंगच माझ्यावर आलं. अण्णा झोपले होते. चालत्या मोटारसायकलवर, भर रस्त्यात, ज्या रस्त्यावर ते धक्के मोजत आले होते त्याच रस्त्यावर अण्णांना झोप लागली होती.

मी गाडी कडेला घेऊन उभी केली. इंजिन बंद केलं नाही, आवाज थांबला तर जागे होतील म्हणून. एका हाताने गळ्यातली ओढणी काढली, त्यांच्या पाठीमागून घेतली आणि माझ्या पोटावर दोन गाठी मारल्या. बाजूने जाणारा एक मोटारसायकलवाला थांबला.

“ताई, काय झालं? पेशंट हायत का?”

“न्हाई,” मी म्हटलं. “झोपल्यात.”

त्याने मान डोलावली आणि हॉर्न न वाजवता पुढे गेला.

मी बैलगाडीच्या चालीने निघाले. त्यांचा श्वास माझ्या पाठीला लागत होता. शहर आलं, सिग्नल आले, बसमधली माणसं खिडकीतून बघत होती. बघू देत म्हटलं. आमच्या कॉलनीत मैदानाच्या चारी बाजूंना रस्ता आहे आणि तिथल्या लोकांनी हौसेने जागोजागी स्पीडब्रेकर घालून ठेवलेत. पहिल्यावरून गेले. मागून ‘हं’ आला नाही. दुसऱ्यावरून गेले. अण्णांचं डोकं माझ्या मानेशी जरा सरकलं आणि पुन्हा टेकलं.

घर आलं. मी गिअर कमी केला, गेटकडे बघितलं. थांबले तर जागे होणार होते, आणि मग पहाटेसारखेच पलंगावर पाय खाली सोडून नुसते बसून राहणार होते. मी गाडी गेटावरून सरळ पुढे घेतली, मैदानाला वळसा घातला आणि पुन्हा घरापाशी आले. अण्णा झोपलेलेच होते. मग मी आणखी एक चक्कर मारली.